सासूबाईंची पेज

सासरे गेल्यावर सासूबाई वर्षभर एकट्याच राहिल्या. वेंगुर्ल्याच्या अलीकडे एका वाडीत त्यांचं घर आहे. मागे विहीर, पुढे माड, हाकेच्या अंतरावर एक शेजारीण. "मी हयसून खय जावचंय नाय," असं त्या दर फोनवर सांगायच्या. मग दिवाळीनंतर विहिरीपाशी घसरून पडल्या. हाड मोडलं नाही, पण शेजारीण पाण्याला येईपर्यंत तिथेच पडून होत्या. नणंद मुंबईला एका खोलीत राहते, तिच्याकडे जागा नाही. तेव्हा माझा नवरा गेला, घराला कुलूप घातलं आणि आईला घेऊन नागपूरला आला.

आम्ही बेसाला राहतो, तिसऱ्या मजल्यावर. खिडकीतून समोरची इमारत दिसते आणि तिच्यामागे आणखी एक अर्धवट बांधलेली. सासूबाई पहिल्या दिवशी खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "झाडा खय रे हय?" त्याने खाली पार्किंगच्या कडेला लावलेलं कडुनिंबाचं रोप दाखवलं.

मी इथलीच. उत्तर नागपुरातल्या एका वस्तीत वाढले. माझ्या आजोबांच्या पिढीने याच शहरात दीक्षा घेतली. नवरा बुटीबोरीला नोकरीसाठी आला तेव्हा आमची ओळख झाली, आणि लग्न आमच्या वस्तीतल्या विहारात लागलं. त्याच्याकडून फक्त नणंद आली होती. सासूबाई मला कधी वाकडं बोलल्या नाहीत, हे सांगितलं पाहिजे. आम्ही वाडीला जायचो तेव्हा त्या पोटभर वाढायच्या, निघताना कोकमं आणि काजू बांधून द्यायच्या. पण मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी गेले की म्हणायच्या, "चुलीकडे येव नको गो, धूर लागतलो." दर वेळी हेच. नवरा म्हणायचा, तू पाहुणी ना, म्हणून. पहिल्या एकदोन वर्षांनंतर मी त्यावर बोलणं सोडून दिलं.

आणि आता त्या माझ्या घरात होत्या, आणि त्यांना दोन वेळचं माझ्या हातचं खायचं होतं.

सुरुवातीला मी हौसेने करत होते. ऑफिसला निघण्याआधी वरण, चिन्नोरचा भात, पोळ्या, भरली वांगी. संध्याकाळी परत आले की ताट झाकलेलं असायचं. उघडून पाहिलं की भाताच्या ढिगाला एका बाजूने थोडं खणल्यासारखं. "माका नको गो, पोट भरला," त्या म्हणायच्या. कशाने भरलं, ते कळायचं नाही. हिवाळा संपता संपता त्यांचं पोलकं खांद्यावरून उतरायला लागलं. मी त्याला बाजूने टीप मारून दिली. काही दिवसांनी पुन्हा मारावी लागली.

"त्यांना काय आवडतं ते तरी सांग," मी नवऱ्याला म्हटलं.

"पेज," तो म्हणाला. "उकड्या तांदळाची. सकाळी अकराला."

"मग आधी सांगायचं ना."

"इथे कुठे मिळणारे?"

हे त्याने ज्या आवाजात म्हटलं त्यावरून मला पहिल्यांदा कळलं, की त्यालाही ती कित्येक वर्षांत मिळालेली नव्हती आणि त्याने मला कधी सांगितलंही नव्हतं. मग त्यानेच समजावलं. भात उकडून, वाळवून मग भरडतात, असा जाड लालसर तांदूळ. भरपूर पाण्यात मऊ शिजवायचा आणि पाणी न काढता मीठ घालून तसाच प्यायचा. सोबत भाजलेला सुका बांगडा, नाहीतर खारातली कैरी. शेतातून आलेला माणूस तेच पितो आणि तापाने झोपलेलाही तेच पितो.

मी शनिवारी ऑफिसातून परस्पर इतवारीच्या धान्यबाजारात गेले. दोनचार दुकानदारांना उकडा तांदूळ म्हणजे काय तेच कळेना. एकाने हात वर केला. "अच्छा, उसना! मॅडम, वो तो इडलीवाले ले जाते हैं," असं म्हणत त्याने मागून पोतं ओढलं. तांदूळ पांढरट होता, पण उकडलेलाच होता. मी घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी कुकर न लावता उघड्या पातेल्यात, नवऱ्याने सांगितलं तसा, तासभर शिजवला. सासूबाईंनी वाटी तोंडाजवळ नेली आणि तशीच खाली ठेवली.

"हेका कुबट वास येता," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे पाहून पुढे म्हणाल्या, "तू खूप केलंस हां."

ते वाक्य मला नको होतं. त्यापेक्षा त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलवर एक मल्याळी बाई आहेत. त्यांचा जन्म नागपूरचाच, पण घरात सगळं त्यांच्या पद्धतीचं. मी त्यांना विचारलं, तर त्या हसल्या. "अगं, आम्ही तोच खातो की. लाल असतो." दोन दिवसांनी त्यांनी पिशवीभर तांदूळ आणून दिला. मी घरी आल्याबरोबर मूठभर सासूबाईंच्या तळहातावर ठेवला, आणि त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी दाणे बोटाने पसरले, एक दाताखाली धरला. "खय गावलो तुका?" असं विचारताना त्या चक्क हसत होत्या. दुसऱ्या दिवशी रविवार होता. त्या अंघोळ करून स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची घेऊन बसल्या. पाणी किती, आच किती, मीठ कधी, सगळं सांगत होत्या. दर थोड्या वेळाने म्हणायच्या, "ढवळ गो, खाली लागात." त्यांचं माझ्याशी एवढं सलग बोलणं लग्नानंतर पहिल्यांदाच होत होतं. मला वाटलं, झालं, सापडलं.

मी वाटी हातात दिली. त्यांनी फुंकर मारली, घोट घेतला. बराच वेळ तो तोंडात धरून ठेवला आणि गिळला. मग म्हणाल्या, "रंग तोच."

तेवढंच. वाटी त्यांनी संपवली नाही.

नवऱ्याने मग वाडीतल्या चुलतभावाला फोन केला. त्यांच्याच शेतातला, त्यांच्याच भाताचा तांदूळ कुरिअरने आला. गोणपाटात शिवलेला होता आणि वर भावाच्या बायकोने करवंटीएवढा चिंचेचा गोळा ठेवला होता. यात आता कुठे चूक निघणार? त्या दिवशी सुट्टी होती. नवरा म्हणाला, "थांब, आज मी करतो." त्याने लहानपणी पाहिलेलं आठवून आठवून पेज केली. सासूबाईंनी वाटी संपवली. पुन्हा थोडी मागितली. नवरा ओट्याशी पाठ करून उभा होता. रडत होता हे मला त्याच्या खांद्यांवरून कळलं.

दुसऱ्या दिवशी त्याच तांदळाची, त्याच पातेल्यात, तेवढ्याच पाण्याची पेज मी केली. सासूबाईंनी अर्धी वाटी घेतली आणि म्हणाल्या, "पोट भरला."

संध्याकाळी नवरा आल्यावर म्हटलं, "काल तुझ्या हातची संपवली त्यांनी."

"काल तांदूळ नवीन आला होता. बरं वाटलं असेल."

"आज पण तोच तांदूळ होता."

"तुला काय म्हणायचंय?"

"काही नाही."

"माझी आई आता तसलं काही मानत नाही," तो म्हणाला.

"आता," मी म्हटलं.

तो उठून बाल्कनीत गेला. आम्ही त्यानंतर त्यावर बोललो नाही. पण तेव्हापासून मी पातेलं गॅसवर ठेवलं की माझे हात मलाच दिसायला लागले. तांदूळ धुताना, ढवळताना, वाटी पुढे करताना. मी त्यांना विचारू शकले असते. रोज ठरवायचे की आज विचारीन. पण त्या "तसां नाय गो" म्हणाल्या असत्या तर मला ते खरं वाटलं नसतं, आणि काहीच न बोलता माझ्याकडे नुसत्या पाहत राहिल्या असत्या तर त्यानंतर त्याच घरात आम्ही दोघींनी राहायचं कसं?

मार्चच्या अखेरीस माझी माय आली. ती येताना कधी रिकाम्या हाताने येत नाही. आमच्या वस्तीच्या बाजारात सुक्या मासळीच्या बाया बसतात, त्यांच्याकडून सुकट घेऊन आली होती. दारातूनच म्हणाली, "काहून वं, ईनबाई खाऊन नाई राहिल्या म्हणते तू? तोंडाले चव नसंन त्यायच्या. सरक, मले करू दे."

तिने सुकट निवडली, तव्यावर कोरडी भाजली, लाल तिखट, लसूण, कांदा घालून परतली. ज्वारीच्या भाकरी थापल्या. वास सगळ्या घरात पसरला आणि सासूबाई आतून उठून आल्या.

"सुकी सुंगटां?" त्यांनी विचारलं.

"सुकट म्हणतो आमी," माय म्हणाली. "तुमच्याकडं ताजी भेटत असंन, आमच्याकडं वाळूनच येते. बसा ना ईनबाई."

दोघी समोरासमोर बसल्या. एकीचं दुसरीला अर्धं कळत होतं, अर्धं नाही. सासूबाईंनी अख्खी भाकरी खाल्ली. माय आग्रह करत होती, "घ्या ना, थोडं तं घ्या," आणि त्या घेत होत्या. मी पाणी देण्याच्या निमित्ताने मध्ये मध्ये उभी राहत होते आणि माझं डोकं चालत नव्हतं. माझ्या मायच्या हातचं चालतं, मग माझ्याच हाताला काय झालंय? की हाताचा प्रश्नच नव्हता आणि मीच तो उगाच उकरून काढला होता?

तेवढ्यात बेल वाजली. वरच्या मजल्यावरच्या बाई होत्या. चांगल्या आहेत स्वभावाने, भांडायला आल्या नव्हत्या. नाकाला पदर लावून त्यांनी काळजीने विचारलं, "ताई, तुमच्याकडे ड्रेनेज फुटलं का हो? की उंदीरबिंदीर मेलाय कुठं? सगळ्या जिन्यात वास येऊन राहिला." मी काहीतरी सांगून त्यांना पाठवलं. आत आले तर माय हसत होती. तिने असली वाक्यं जन्मभर ऐकली आहेत, त्यावर ती हसतेच. सासूबाई हसत नव्हत्या. त्यांनी हात धुतला होता.

"परत भाजू नको गो," त्या मला म्हणाल्या. "लोकांका त्रास."

उरलेली सुकट मी बरणीत भरून ठेवली. नंतर दोनदा वाढली. त्यांनी ती ताटाच्या कडेला सारून ठेवली.

एप्रिलमध्ये ऊन चढलं. कूलर लावला तर पहिल्या रात्री त्यांना वाटलं बाहेर पाऊस पडतोय. सकाळी कोरडा रस्ता पाहून त्या बराच वेळ खिडकीशी उभ्या होत्या. चहासुद्धा अर्धा सोडायला लागल्या. आम्ही डॉक्टरांकडे नेलं. रक्त, लघवी, पोटाची सोनोग्राफी, सगळं केलं. रिपोर्ट पाहून डॉक्टर म्हणाले, "काही निघत नाही. मनावर घेतलंय त्यांनी. बाहेरचं देऊ नका, घरचं खायला द्या." नवऱ्याने आणि मी एकमेकांकडे पाहिलं नाही. ऑटोत बसल्यावर तो म्हणाला, "मेमध्ये घेऊन जाऊ तिला. पंधरा दिवस. तिच्या घरचं तरी खाईल."

सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली. पण निघायच्या आदल्या दिवशी स्वतःची पिशवी स्वतः भरून दाराशी ठेवली होती.

दोन गाड्या बदलून आणि पुढे रिक्षाने आम्ही वाडीत पोचलो. कुलूप गंजलं होतं, दगडाने ठोकून उघडावं लागलं. घरात कोंदट वास होता. शेजारणीने अंगण झाडून ठेवलं होतं. अंगणाच्या कडेला फणस पिकून पडले होते आणि त्यांच्यावर माश्या होत्या. सासूबाईंनी आधी विहिरीचं पाणी काढायला लावलं, तोंडावर मारलं, थोडं प्यायल्या. मग पडवीत बसल्या आणि शेजारणीला म्हणाल्या, "पेज घाल गे वायच."

शेजारणीने त्यांच्याच चुलीवर, त्यांच्याच मडक्यात, त्यांच्याच विहिरीच्या पाण्याची पेज केली. बांगडा निखाऱ्यावर भाजला. खारातली कैरी काढली. नवऱ्याने सगळं केळीच्या पानावर मांडून आईपुढे ठेवलं आणि स्वतः समोर मांडी घालून बसला, लहान मुलं बसतात तसा. मी खांबाला टेकून उभी होते. तिथे काहीच कमी नव्हतं. कोणाकडे बोट दाखवायला जागा नव्हती.

सासूबाई दोन घोट प्यायल्या. कैरीचा तुकडा जिभेला लावला. थांबल्या. पुन्हा एक घोट घेतला.

"ही ती नाय," त्या म्हणाल्या.

शेजारीण गोंधळली. "मीठ कमी पडला काय गे?"

"नाय. मीठ बरोबर हा."

"मग?"

त्या वाटीत पाहत राहिल्या. नवरा म्हणाला, "आये, अजून एक घोट घे." त्यांनी त्याच्या समाधानासाठी घेतला. मग त्यांनी डोळे पुसले आणि आम्हा कोणाकडे न पाहता म्हणाल्या, "माझीच जीभ मेली गे."

पुढचे दिवस आम्ही तिथेच होतो. चुलतभावाच्या बायकोने ताजी मासळी आणली, आमटी केली, घावणे केले. वाडीतल्या बायकांनी डबे आणले. सासूबाई सगळ्याला हात लावत होत्या आणि सगळं तसंच उरत होतं. एकदा सकाळी मी पडवीत भांडी पुसत होते. त्या आतून म्हणाल्या, "गो, हय ये."

मी उंबऱ्याशी थांबले, सवयीने.

"भीतर ये. आज तू घाल पेज."

मी आत गेले. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. चूल पेटवता येते का, असं त्यांनी विचारलं नाही, आणि मला ती येत होती, आमच्या वस्तीत मी बारावीपर्यंत चुलीवरच पाणी तापवलं आहे. मी लाकडं लावली, फुंकणीने फुंकलं. धूर डोळ्यांत गेला. त्यांनी हाताने खूण करून मडकं कुठे आहे ते दाखवलं. मी तांदूळ धुतले. एवढी वर्षं मनात होतं की कधीतरी या चुलीपाशी बसायला मिळावं, त्यांनी स्वतःहून बोलवावं. बोलावलं त्यांनी. आणि मला काही वाटेना. समोर बसलेली म्हातारी इतकी वाळली होती, की मी आत बसले आहे याचा आनंद करायचा कोणासमोर?

पेज झाली. मी वाटी दिली. त्यांनी चारपाच घोट घेतले. मनापासून घेतले, मी पाहत होते. मग वाटी खाली ठेवली आणि माझ्या मनगटावर हात ठेवला.

"तुझो हात बरो हा गो," त्या म्हणाल्या. "माकाच गावना नाय."

एवढे महिने मी जे विचारू शकले नाही त्याचं उत्तर मिळालं होतं. ते कोणाच्या उपयोगाचं नव्हतं. तांदूळ बरोबर, पाणी बरोबर, चूल बरोबर, हात बरोबर. आता कशाचा शोध घ्यायचा? मी ती उरलेली पेज प्यायले. मला ती चांगली लागली, पण मला काय, मी ती कधी प्यायलेच नव्हते.

आम्ही त्यांना परत नागपूरला आणलं. वाडीत त्यांना एकटं ठेवता येत नव्हतं, आणि त्यांनीही राहते म्हटलं नाही. गाडीत बसताना त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. मला वाटलं होतं, रडतील.

बेसाला आल्यावर एक वेगळंच झालं. त्या खायला लागल्या. मी जे वाढीन ते. पोळी, खिचडी, मुलांच्या डब्यासारखा फोडणीचा भात, काहीही. पहिल्यांदा ताट रिकामं दिसलं तेव्हा मी धावत नवऱ्याला फोन केला. दोन दिवसांत लक्षात आलं, की त्या गोळी घेतात तसं खात होत्या. घास, पाणी, घास, पाणी. उद्या काय करू, असं विचारलं की म्हणायच्या, "तुका व्हया तां घाल." कसं झालं, विचारलं की म्हणायच्या, "बरा झाला." एकदा भात करपला होता, तरी बरा झाला. वजन थोडं वाढलं. डॉक्टर खूश झाले. नवराही बरा दिसायला लागला. लोक विचारतात, सासूबाई रुळल्या का? आम्ही हो म्हणतो.

त्यांनी पेजेचं नाव पुन्हा काढलं नाही. मीही काढलं नाही. चुलतभावाने पाठवलेला तांदूळ डब्यात पडून होता, त्याला किडे लागले. मी तो खाली पाखरांना टाकला.

या महिन्यात मी एका रविवारी मायकडे गेले. तिने बेसनाच्या पातोड्यांचा रस्सा केला होता, माझ्या आवडीचा, लहानपणी वाढदिवसाला हाच मागायचे. मी जेवायला बसले. माय समोर भाकर टाकत होती.

"कशी झाली वं भाजी?" तिने विचारलं.

"मस्त झाली."

तिने तव्यावरची भाकर उतरवली, बोट रश्शात बुडवून जिभेला लावलं आणि माझ्याकडे पाहत राहिली.

"मीठच नाई टाकलं वं मी याच्यात. आळणी हाय पुरी. अन् तू मस्त झाली म्हणून राहिली?"

माझं अर्धं जेवण झालं होतं. मी ताटाकडे पाहिलं. मायने मिठाचा डबा पुढे केला, मी मीठ घातलं, कालवलं आणि घास घेतला. ती माझ्या तोंडाकडे पाहत होती.

"आता?" तिने विचारलं.

मी नाही अशी मान हलवली. तिने तवा उतरवला, गॅस बंद केला आणि माझ्याजवळ येऊन बसली.